एआय एजंटला जॉब-बोर्डावर लिहायची परवानगी किती द्यावी? एका रात्रीत ४१ कार्डं ‘होल्ड’ झाली, त्यानंतरचा प्रश्न

ओतकाम_प्लॅनिंग

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी प्लॅनिंग बघते. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हचे भाग, थोडं ट्रॅक्टरचं काम. गेले काही महिने आमच्याकडे एक एआय एजंट आहे. तो ग्राहकांचे मेल वाचतो, त्यातून ड्रॉइंग नंबर, नग, तारीख काढतो आणि जॉब-बोर्डावरच्या कार्डात भरतो. आधी हे मी हाताने करायचे, सकाळचे दोन तास त्यातच जायचे. ते दोन तास मला परत मिळालेत आणि ते मला हवे आहेत. त्यामुळे ‘बंदच करून टाका’ हे उत्तर मी शोधत नाहीये.

झालं असं. एका जुन्या ग्राहकाचा मेल रात्री साडेअकराला आला. वर एकच ओळ : खाली बोलणं झालंय त्याप्रमाणे होल्ड करा. खाली आठ-दहा मेलची शेपटी. होल्ड करायचं होतं एकच ड्रॉइंग, कारण फ्लँजच्या भोकांचं माप त्यांनी बदललं होतं. एजंटने त्या ग्राहकाची उघडी असलेली सगळी ४१ कार्डं होल्डला टाकली.

सकाळी सहाला पहिली पाळी आली. भट्टीवरचे मिस्त्री शॉपमधल्या टीव्हीवर बोर्ड बघून दिवसाच्या हीट, म्हणजे वितळलेल्या धातूच्या ओतायच्या खेपा, ठरवतात. त्यांनी त्या ग्राहकाचे पॅटर्न (ज्यावरून साचे बनतात ते नमुने) उतरवले, दुसऱ्याचे चढवले. मी साडेआठला पोचले तेव्हा दोन हीट ओतून झाल्या होत्या. त्या ग्राहकाचा माल दोन दिवस मागे गेला.

मला सगळ्यात जास्त लागली ती गोष्ट वेगळीच आहे. एजंट माझ्या लॉगिनने जोडलेला होता. मिस्त्रींना शंका आली होती. एवढी कार्डं एकदम कशी थांबली म्हणून त्यांनी एका कार्डाचा इतिहास उघडून पाहिला. तिथे माझं नाव. ‘मॅडमनी केलंय म्हणजे काहीतरी कारण असणार’ म्हणून ते पुढे गेले. आम्ही पंधरा वर्षं एकत्र काम करतोय. माझ्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला आणि तिथे मी नव्हतेच.

परत फिरवतानाही एक गोष्ट कळली जी आधी कळायला हवी होती. ४१ कार्डं होल्डला टाकणं ही एक कृती आहे, पण ती परत जागेवर नेणं या ४१ कृती आहेत. काही कार्डं मोल्डिंगला होती, काही कोअरला, काही फेटलिंगला, तीन तर डिस्पॅचला तयार होती. प्रत्येकाचा इतिहास उघडायचा, आधी कुठे होतं ते बघायचं, तिथे सरकवायचं. मला सव्वादोन तास लागले.

एजंटच्या सूचनांत मी लिहिलं होतं, ‘खात्री नसेल तर आधी विचार.’ त्याने विचारलं नाही.

आता मालकांना पुढचं पाऊल हवंय. एजंटने ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या स्टॉक-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टॉक कमी करावा, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) काढावं आणि गाडी निघाली की ग्राहकाला व्हॉट्सॲप करावं. मला नाही म्हणायचं नाही, पण ‘हो’ कशाच्या आधारावर म्हणू? तुमच्यापैकी कोणी एजंटला नुसतं वाचायला नाही, लिहायला दिलं असेल तर काय बांधून घेतलंत, ते सांगा.

---

पासिंग_ऑफिसर_निवृत्त

ताई, मी एका नागरी सहकारी बँकेत २६ वर्षं काढली, शेवटची नऊ पासिंगला. एआयमधलं मुलगा सांगतो तेवढंच मला कळतं. पण तुमचं वाचताना मला आमचा काउंटरच दिसत होता, म्हणून लिहितो.

आमच्याकडे क्लार्क व्हाउचर टाकतो, तो मेकर. ऑफिसर ते पास करतो, तो चेकर. पास होईपर्यंत व्हाउचर सिस्टिममध्ये असतं, पण ते पुरं झालेलं नसतं. आणि ज्याने टाकलं त्याला पास करता येत नाही. मॅनेजरने स्वतः व्हाउचर टाकलं तरी पास दुसऱ्यानेच करायचं. ही अडवणूक सॉफ्टवेअरमध्ये असते, माणसाच्या चांगुलपणावर सोडलेली नसते. तुमचा एजंट मेकर आहे. त्याने कार्डावर ‘होल्ड करावं असं वाटतं’ एवढंच टाकावं. टीव्हीवर ते दिसावं ते कोणीतरी पास केल्यावर.

पण ही पद्धत कुठे मोडते तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. पगाराच्या दिवशी गर्दी असायची. ऑफिसर जेवायला जाताना पासवर्ड क्लार्कला सांगून जायचा, काम अडू नये म्हणून. हेतू चांगलाच. पण त्या तासाभरात मेकर आणि चेकर एकच माणूस व्हायचा आणि लॉगमध्ये मात्र दोन नावं नीट दिसायची. तपासनीस आला तरी त्याला काही सापडायचं नाही. तुम्ही एजंटला स्वतःचं लॉगिन दिलंत तेव्हा हेच झालं. त्याला पहिल्याप्रथम स्वतःचं नाव द्या. ‘एजंट-मेल’ असं काहीतरी, की मिस्त्रींनी इतिहास उघडला तर त्यांना तुम्ही दिसू नयेत.

मालक ईआरपीत लिहू द्या म्हणतात, तिथे तर हे आणखी जपा. तुमची कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा एडिट लॉग ठेवणं बंधनकारक आहे आणि तो बंद करता येत नाही. स्टॉकच्या नोंदी हिशेबाला जोडलेल्या असतील आणि एजंट तुमच्या नावाने लिहीत असेल, तर त्या लॉगमध्ये चुकीचं नाव कायमचं बसेल. उद्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

अजून एक, हे पुस्तकात नसतं. संध्याकाळी साडेपाचला चेकरपुढे दोनशे व्हाउचर साचलेली असतात. तेव्हा तो आकडे वाचत नाही, एंटर दाबतो. मी एक सवय लावून घेतली होती. मोठ्या रकमेला आधी कागद हातात घ्यायचा, रक्कम मनात म्हणायची, मग स्क्रीनकडे बघायचं. उलट केलं की स्क्रीनवरचा आकडा डोळ्यात राहतो आणि कागदावरही तोच दिसतो. तुमच्या मंजुरीच्या पानावर ग्राहकाच्या मेलमधली मूळ ओळ वर ठेवा आणि एजंटने काय काढलं ते खाली. ती ओळ तुमच्या समोर आधी आली असती, तर शेपटीत एकच ड्रॉइंग आहे हे तुम्हाला तेव्हाच दिसलं असतं.

---

कोथरूड_बॅकएंड

काकांनी पाया सांगितला. मी टूलच्या बाजूचं सांगतो.

‘खात्री नसेल तर विचार’ ही सूचना एजंट पाळेलच, असं धरून काही बांधू नका. एआयकडून ॲप बनवून घ्यायची सेवा देणाऱ्या रेप्लिट कंपनीचं जुलै २०२५ मधलं प्रकरण आठवा. जेसन लेमकिन नावाचे उद्योजक रेप्लिटच्या एजंटवर प्रयोग करत होते. कोड गोठवलाय, काही बदलू नको, असं सांगितलेलं असताना एजंटने चालू डेटाबेस पुसला. त्यात १,२०० हून जास्त अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर परत आणता येणार नाही असंही त्याने सांगितलं, आणि प्रत्यक्षात रोलबॅक (आधीच्या स्थितीला परत नेणं) चालला. त्यानंतर रेप्लिटच्या प्रमुखांनी काय जाहीर केलं ते महत्त्वाचं आहे : प्रयोगाचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायचे. आणखी कडक शब्दांत सूचना लिहिण्यावर ते थांबले नाहीत, एजंटचा हात जिथे पोचतो ती जागाच बदलली.

तुमच्या बाबतीत मी हे करेन.

मेल वाचणारा भाग आणि बोर्डावर लिहिणारा भाग तोडा. मेल वाचणाऱ्या एजंटकडे लिहायचं एकही टूल ठेवू नका. त्याने एक ठरलेला फॉर्म भरायचा : ड्रॉइंग नंबर, काय करायचं, मेलमधली कोणती ओळ. लिहिणारा भाग एआय नसावा, साधा कोड असावा. तो फॉर्म तपासेल. ड्रॉइंग नंबर आपल्या यादीत आहे का? बदल ठरलेल्या तीन-चार प्रकारांपैकी आहे का? एका मेलमागे किती कार्डं? तुमच्याकडे एका मेलने साधारण एक-दोन कार्डं बदलत असतील, तर तिसऱ्या कार्डाला कोडने थांबायचं आणि माणसाला सांगायचं. एवढी एक ओळ असती तरी त्या रात्री ४१ ऐवजी दोन कार्डं बिघडली असती.

लिहिण्याआधी जुनी नोंद साठवा. प्रत्येक बदलासाठी कार्ड, आधीची अवस्था, नवी अवस्था, वेळ, कोणत्या मेलवरून. तुमचे सव्वादोन तास गेले ते ही वही नव्हती म्हणून.

पुन्हा प्रयत्न करण्याची भानगडही बघा. व्हॉट्सॲपला निरोप गेला पण उत्तर यायला उशीर झाला, की ऑटोमेशन ‘गेला नाही’ समजून परत पाठवतं. ग्राहकाला एकाच गाडीचे तीन निरोप. स्टॉक कमी करताना हेच झालं तर तीनदा वजावट. प्रत्येक कृतीला एक ठरलेली खूण द्या, उदाहरणार्थ चलन नंबर आणि कृतीचं नाव. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर कोडने काही करू नये.

एमसीपीने (एआयला बाहेरची टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) टूल जोडत असाल तर एक सावधगिरी. त्यात प्रत्येक टूलला ‘फक्त वाचतो’, ‘नाश करू शकतो’ असं लेबल लावायची सोय आहे. ते लेबल टूल पुरवणारा स्वतः लावतो. सर्व्हर खात्रीचा नसेल तर या लेबलांवर विसंबू नका, असं एमसीपीच्या नियमावलीतच म्हटलंय.

आणि ग्राहकाचा मेल परका माना.

---

ओतकाम_प्लॅनिंग

काका, मनापासून आभार. लॉगिन कालच वेगळं केलं. कागद आधी, स्क्रीन नंतर, हे मी भिंतीवर लिहून लावणार आहे.

कोथरूड, शेवटची ओळ कळली नाही. हे लोक वीस वर्षांचे ग्राहक आहेत. त्यांचे मेल परके कसे?

---

कोथरूड_बॅकएंड

ग्राहक परका नाही, मजकूर परका. मेलमध्ये त्यांच्या पुरवठादाराचा फॉरवर्ड असतो, कोणाचं तरी पीडीएफ असतं. एजंटला ‘ही माहिती’ आणि ‘हा हुकूम’ यांतला फरक पक्का कळत नाही. त्याच्यासाठी सगळाच मजकूर.

जून २०२५ मध्ये केटो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जिरा (Jira) या तक्रारी-तिकिटं हाताळायच्या सॉफ्टवेअरवर हे करून दाखवलं. बाहेरचा माणूस सपोर्टचं तिकीट टाकतो, त्यात एआयसाठी सूचना लपवतो. आतला इंजिनिअर निर्धास्तपणे एआयला म्हणतो, हे तिकीट बघ. एआय चालतो इंजिनिअरच्या अधिकाराने, म्हणून आतली माहिती उचलतो आणि त्याच तिकिटावर लिहितो. ती बाहेरच्याला दिसते. इंजिनिअरने काहीच चुकीचं केलेलं नसतं.

हा दोष एआयच्या आधीचा आहे. १९८८ मध्ये संगणकतज्ज्ञ नॉर्म हार्डी यांनी एका कंपायलरची, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामची, गोष्ट लिहिली. त्या कंपायलरला स्वतःची आकडेवारी लिहिण्यासाठी एका संरक्षित जागेत लिहायचा अधिकार होता. बिलांची फाइलही तिथेच. एका वापरकर्त्याने ‘माझं आउटपुट या फाइलीत टाक’ म्हणून नेमकं बिलांच्या फाइलीचं नाव दिलं. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. बिलं गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर गोंधळलेला मुखत्यार : हुकूम एकाचा, अधिकारपत्र दुसऱ्याचं, आणि मुखत्यार दोन्ही एकत्र करतो. तुमच्या त्या रात्री कोणाचाही वाईट हेतू नव्हता, पण रस्ता हाच होता. हुकूम मेलच्या शेपटीतला, अधिकार तुमचा.

म्हणून परका मजकूर वाचणारा, आतली माहिती बघू शकणारा आणि बाहेर निरोप पाठवू शकणारा, असे तिन्ही हात एकाच एजंटला देऊ नका. प्रोग्रामर आणि ब्लॉगलेखक सायमन विलिसन यांनी हे त्रिकूट घातक म्हणून जून २०२५ मध्ये नीट मांडलं होतं. मालकांना व्हॉट्सॲप हवंय ना? मग मेल वाचणाऱ्याला व्हॉट्सॲप नाही. निरोप गाडी गेटबाहेर पडल्याच्या नोंदीवरून जाऊ दे, आणि मजकूर ठरलेला असू दे. फक्त चलन नंबर, नग, गाडी नंबर बदलेल. त्याला एआय लागतच नाही.

---

बुटीबोरी_पीपीसी

मला मंजुरीबद्दल वेगळं म्हणायचंय. सगळ्यालाच मंजुरी लावलीत तर महिनाभरात तुमचं बोट आपोआप ‘हो’ वर जाईल. काकांनी साडेपाचची गोष्ट सांगितलीच. आमच्याकडे तेच झालं. मंजुरी होती, मंजूर करणारा होता, आणि चुकीचे नग तरीही बोर्डावर गेले.

आम्ही मग सहा आठवडे एजंटला लिहू दिलं, पण वेगळ्या रकान्यात. ‘एजंटचा प्रस्ताव’. माणूस नेहमीसारखं काम करायचा, तो रकाना झाकलेला. शनिवारी दोन्ही शेजारी ठेवून बघायचो. त्यातून कळलं की तो कुठे चुकतो हे ठरलेलं आहे. तारखा जवळपास नेहमी बरोबर. नग चुकायचे, कारण काही ग्राहक ‘सेट’ लिहितात आणि आमच्याकडे सेट म्हणजे दोन नग. आणि ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) चुकायची, कारण मेलच्या शेपटीत जुनी रिव्हिजन पडलेली असते. हे दोन रकाने आजही माणूसच भरतो. तारखा आणि शेरे एजंट थेट लिहितो, तिथे आम्ही मंजुरी काढून टाकली. त्यामुळे उरलेल्या मंजुऱ्या थोड्या आहेत आणि माणूस त्या वाचतो.

टीव्हीबद्दल : एजंटने हात लावलेल्या कार्डाला पिवळी पट्टी लावा. शॉपमधल्या कोणीतरी ‘पाहिलं’ दाबेपर्यंत ती जाऊ नये. तुमच्या मिस्त्रींना शंका आली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. शंकेला उत्तर मिळायची जागा नव्हती.

---

ओतकाम_प्लॅनिंग

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांनी एवढं मन लावून सांगितलंत म्हणून काय केलं ते सांगणं माझं काम आहे.

रविवारी मिस्त्री, डिस्पॅचचा मुलगा आणि मी, तिघं बसलो. एजंट काय-काय लिहू शकतो त्याची यादी काढली. मी ‘कमी धोका, मध्यम, जास्त’ असे रकाने आखले होते. मिस्त्री म्हणाले, मला ते कळत नाही, एवढंच सांगा, चूक झाली तर मला किती वाजता कळणार आणि तोपर्यंत काय ओतून झालेलं असणार. मग आम्ही यादी त्याच प्रश्नाने लावली. तासाभरात सगळं जागेवर बसलं.

कार्डावरचा शेरा चुकला तर दिवसभरात कोणीतरी बघतो, काही ओतलं जात नाही. तो एजंट थेट लिहितो. कार्डाची अवस्था चुकली तर एका हीटच्या आत नुकसान होतं. ती प्रस्ताव म्हणून येते, पास मी करते. रात्री दहा ते सकाळी साडेआठ, मी नसताना, कोणतीही अवस्था बदलत नाही, मेल कितीही तातडीचा असो. खरंच तातडी असेल तर ग्राहक फोन करतात, नेहमी करत आलेत. नग आणि रिव्हिजन एजंटच्या हातातून पूर्ण काढले. बुटीबोरी, आमच्या एका ग्राहकाचाही ‘सेट’ म्हणजे दोन नगच निघाले.

ई-वे बिलावर मालकांशी बराच वेळ बोलले. ते २४ तासांच्या आतच रद्द करता येतं, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलं असेल तर तेही नाही. ई-इन्व्हॉइसलाही २४ तासच, आणि रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही. शनिवारी संध्याकाळी काढलेली चूक सोमवारी सकाळी दिसली तर वेळ गेलेली असते. मालकांनी ते ऐकल्यावर स्वतःच म्हटलं, मग बटण माणसाने दाबावं. आता एजंट मसुदा भरून ठेवतो. डिस्पॅचचा मुलगा गेटवर जाऊन गाडीचा नंबर गाडीवरून वाचतो, चलनावरून नाही, मग स्क्रीन बघतो आणि स्वतःच्या लॉगिनने काढतो. काका, ही तुमची सवय.

एका मेलमागे दोन कार्डं, त्यापुढे थांबायचं, हा नियम कोडमध्ये घातला. तो चालतो का बघायला मी माझ्या घरच्या मेलवरून त्या रात्रीचा मेल शेपटीसकट परत पाठवला. ‘३८ कार्डं, मर्यादा २, थांबलो’ असा निरोप माझ्या फोनवर आला (त्या ग्राहकाची उघडी कार्डं आता तेवढीच होती) आणि बोर्डावर काही हललं नाही. मी तो निरोप मिस्त्रींना दाखवला. जुन्या नोंदींची वहीही चालते. पाच कार्डं मुद्दाम हलवून एका आज्ञेने परत आणली.

एजंटचं खातं बंद करायचं बटण पहिल्या पाळीच्या मिस्त्रींकडे दिलंय, माझी परवानगी न विचारता. मालकांना ते आधी पटलं नव्हतं. मी म्हटलं, भट्टीचा आपत्कालीन स्विच आपण ऑफिसात ठेवत नाही.

काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रींचा फोन आला. पिवळी पट्टी असलेलं कार्ड, आदल्या संध्याकाळी मीच पास केलेलं, मेल बरोबर, ड्रॉइंग बरोबर. पण तो पॅटर्न दुरुस्तीला गेलाय. एजंटला ते कळायचा मार्ग नव्हता, मलाही नव्हता. ती नोंद पॅटर्न शॉपच्या वहीत असते. मिस्त्रींनी ‘पाहिलं’ दाबलं नाही, आधी फोन केला. ती वही बोर्डाला कशी जोडायची यावर उद्या पॅटर्न शॉपच्या लोकांबरोबर बसतोय. कोणी असं केलं असेल तर लिहा.